सतरा मण्यांची साखळी

सुमे, तू गेलीस त्याला आज अठरा दिवस झाले आणि मी तुझ्यावर अजून रागावलेलीच आहे. लोक येतात, हात धरतात, म्हणतात, वत्सलाताई, रडून घ्या. रडते मी. पण रडता रडता मध्येच तुझ्याशी भांडायला लागते. डोक्यातली नस फुटली म्हणे, अर्ध्या तासात सगळं आटोपलं. मोठ्या बहिणीला दोन शब्द बोलायलाही वेळ दिला नाहीस. तीन वर्षं आपण दोघींनी एक भांडण झाकून ठेवलं होतं. तू ते माझ्या एकटीच्या अंगावर टाकलंस आणि निघालीस. असं करतात का?

दुकानात बसूनच लिहिते आहे. लिहायला घेतलं की माझी भाषा शाळेतली होते आणि तोंड उघडलं की कळंबची. यावर तू किती हसायचीस. तूही तशीच होतीस म्हणा. कॉलेजात प्राध्यापक सुमनमॅडम, आणि इथे आलीस की पायऱ्यांवरूनच "ताई, चहा टाक वं, जीव चालला माह्या."

चिंतामणीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे आपलं मंगळसूत्रं गाठवण्याचं दुकान. काळे मणी, डोरली, वाट्या, रेशमाचा दोरा. बाबांनंतर मी बसले. दहावीपर्यंत तूही माझ्या शेजारी बसून गरसोळ्या, काळ्या मण्यांच्या माळा, ओवायचीस, आणि खरं सांगते, तुझा हात माझ्यापेक्षा साफ होता. बाबा म्हणायचे, ही पोरगी दुकान पुढं नेईल. तू ते नेलंस वणीला, कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या मागच्या खोलीत. मी ओवते ते मणी. तू ओवायचीस त्याला म्हणायचीस अमिनो आम्लं, आणि ओवून झालेल्या माळेला पेप्टाइड.

पहिल्यांदा ओवलंस तेव्हा चुकलीस, आणि चूकही आपल्या घरातलीच केलीस. नागपूरला शिकत होतीस. सरांनी कागदावर मण्यांचा क्रम दिला, आणि तू पहिल्यापासून ओवायला घेतलास. चांगले चार दिवस खपलीस. सरांनी विचारलं, सुरुवात कुठून केलीस? तू म्हणालीस, डावीकडून. सर म्हणाले, अगं, क्रम वाचायचा डावीकडून, पण जोडत यायचं उजवीकडून. तू म्हणालीस, पण सर, माळ कुठूनही ओवली तरी माळच ना? ते पाच मिनिटं हसत होते म्हणे. तू मला हे सांगितलंस तेव्हा मी हसले नाही. मलाही तसंच वाटलं होतं. आपली गरसोळी या टोकाकडून पाहा की त्या टोकाकडून, गळ्यात घातली की एकच. तू म्हणालीस, "ताई, या माळीले तोंड असते अन् शेपूट असते. उलटी ओवली का दुसरीच वस्तू झाली."

ती उलटी माळ फेकून द्यावी की नाही? तू फेकली नाहीस. चिठ्ठीवर "चुकून उलटी" असं लिहून, सरांच्या कॅन्सर मारू पाहणाऱ्या सरळ माळेसोबत, तपासायला लावलीस. कॅन्सरच्या पेशी तिनं मारल्या, पण सरळ मारत होती तेवढ्या नाही. तेच मणी, तेवढेच मणी, आणि काम वेगळं. मला वाटतं त्याच दिवशी तू या नादाला लागलीस. मणी कोणते हे जेवढं महत्त्वाचं, तेवढंच ते कुठे बसलेत आणि माळ वळते कशी हे महत्त्वाचं, हे तुझं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेत म्हणेन.

पण मला ते समजलं दिवाळीच्या त्या दुपारी. तू याच गादीवर बसली होतीस आणि माझ्याकडून मोठे मणी मागून घेतलेस, सतरा, काही लाल, काही काळे. म्हणालीस, मी सांगते तसे ओव. एक लाल, दोन काळे, दोन लाल, दोन काळे, मग एक लाल. अशी काहीतरी विचित्र ओवणी. मी म्हटलं, "हे काय गबाळं ओवून राह्यली वं? ना रीत ना रांग." तू दुकानातली पेन्सिल घेतलीस आणि ती माळ तिच्याभोवती जिन्यासारखी गुंडाळत गेलीस. आणि बाप्पा, सगळे लाल मणी एका अंगाला आले, सगळे काळे दुसऱ्या अंगाला. कोणी हातानं वेगळे काढून ठेवावेत तसे.

"पाह्य," तू म्हणालीस. "कॅन्सरच्या पेशीच्या कातडीवर बाहेरून ऋण भार जास्त असते. लाल मण्यांवर धन भार. म्हणून साखळी तिकडं ओढली जाते, चिकटते. पण नुसतं चिकटून काय होते? कातडी तेलकट असते, तिच्यात घुसायले तेलकट मणी पायजेत. ते हे काळे. लाल बाजूनं धरायचं अन् काळ्या बाजूनं घुसायचं. मंग कातडी फाटते."

माझ्या हातांना काही ती ओवणी पटेना. मी दोरा सोडला आणि तेच सतरा मणी माझ्या पद्धतीनं ओवले, एक लाल एक काळा, एक लाल एक काळा. सुरेख दिसत होती. तू ती पेन्सिलीवर गुंडाळलीस तर सगळीकडे सरमिसळ, ना धड लाल बाजू ना धड काळी. तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला. म्हणालीस, "ताई, तुही माळ देखणी हाये, पण कामाची नाही."

आणि पुढे काय केलंस तर ती माळ खरोखर बनवलीस. वणीला गेलीस आणि माझ्या क्रमानं पेप्टाइड बनवून तपासायला नागपूरला धाडलंस. कॅन्सरच्या पेशींना तिनं बोटही लावलं नाही. तुझ्या वहीत तिचं नाव लिहिलेलं मी स्वतः पाहिलं, "ताईची माळ". तुलनेसाठी अशी एक बिनकामाची लागतेच, असं तू समजावलंस. विज्ञानात माझं नाव लागलं ते असं. पण लागलं ना. गिऱ्हाइकांना मी अजून सांगते.

तुझी खोली पाहायला मी आले होते तेव्हा मला वाईटच वाटलं होतं. राजूरकडून येणाऱ्या कोळशाच्या ट्रकांनी खिडक्या काळ्या झालेल्या. तू त्यांच्यावर प्लास्टिक चिकटवलेलं. मोठ्या ठिकाणी हे सगळं मशीन करतं म्हणालीस, तू हातानं करत होतीस. काचेची एक नळी, तिच्या तळाशी जाळी, त्यात राळेचे बारीक बारीक मणी, आणि त्यांना धरून एकेक अमिनो आम्ल जोडायचं. जोडायचं, हलवत बसायचं, धुवायचं. पुन्हा पुढचं. मध्येच चिमूटभर राळ काढून औषधात गरम करायचीस. ती निळी झाली तर जोड बसली नाही. नाही झाली तर पुढे जायचं. मी बसले होते त्या दिवशी दोनदा निळी झाली. दोन्ही वेळा तू तीच जोडणी पहिल्यापासून केलीस. मी म्हटलं, एखादा मणी सुटला तर कोणाला कळतं? तू माझ्याकडे तसं पाहिलंस, जसं बाबा पाहायचे, मी कच्ची गाठ मारली की.

मग नागपूरहून ती खबर आली. तुझ्या सतरा मण्यांच्या साखळीनं प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीतल्या कॅन्सरच्या पेशी मारल्या, बऱ्यापैकी कमी ताकदीच्या द्रावणात. तू मला ते फोनवर सांगितलंस. मी फोन ठेवला आणि दुकानाबाहेर जाऊन सगळ्या रस्त्याला सांगितलं. नारळ-फुलंवाल्यांना, हॉटेलवाल्याला, देवळात आलेल्या परगावच्या लोकांना. माझ्या बहिणीनं कॅन्सरचं औषध काढलं. तू बशीतल्या पेशी म्हणाली होतीस. माझ्या तोंडून बशी गळली. अभिमानानं माणूस कसं आंधळं होतं ते मी तुला आता सांगते, तेव्हा मला कळत नव्हतं.

समोरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानातल्या मारोतरावांनी ते ऐकलं. त्यांच्या बायकोच्या, गिरजाच्या, गालाला आतून फोड आला होता. तंबाखू-सुपारीचा खर्रा खायची ती, तुला माहीत आहे. तोंड उघडेना, भात गिळता येईना. डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला होता आणि नागपूरला जा म्हटलं होतं, पण दोघं नवरा-बायको कापाकापीला भ्याले होते. मारोतराव रस्ता ओलांडून आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "वत्सलाताई, मी कधी कोणाले काही मागतलं नाही. तुमच्या सुमनबाईले म्हणा, माह्या गिरजीले ते औषध द्या." मी म्हटलं, चला माझ्यासोबत, आत्ता. मी त्यांना शब्द दिला, सुमे. तुझ्या वतीनं मी शब्द दिला.

दोन एसट्या बदलून आम्ही वणीला पोचलो. तू त्यांना खुर्ची दिलीस, पाणी दिलंस, सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "भाऊ, माह्याजवळ औषध नाही." मला वाटलं विनयानं बोलतेस. मी म्हटलं, "नाही कशी? कॅन्सर मारते ना ते?" तू म्हणालीस, "मारते. पण आणखी काय काय मारते ते म्या अजून पाह्यलं नाही. उंदरालेही देल्लं नाही, माणसाले कसं देऊ?" मग तू त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसलीस आणि हळू आवाजात बराच वेळ बोललीस. मी ऐकलंच नाही. मी दाराशी उभी होते. घरी परतताना तोंड कुठे लपवू, एवढंच माझ्या डोक्यात.

ते बाहेर गेले तेव्हा मी तुला काय बोलले ते आठवतंय मला, शब्दन् शब्द. "उद्या मरणाऱ्या माणसाले तुह्या परवाच्या तपासणीचं काय करायचं हाये? ती मरूनच राह्यली. देऊन पाह्यलं तं काय बिघडते?" तू म्हणालीस, "बिघडते, ताई." एवढंच. मी म्हटलं, "दगड हायेस तू. मण्यांसोबत राहून राहून दगड झाली." तू नळी हातात घेतलीस आणि हलवायला लागलीस. तुझे डोळे भरले होते ते मी पाहिलं आणि तरी निघून आले.

गिरजा पुढे वारली; मधे ती कुठे गेली, काय उपचार घेतले, हे मी लाजेनं कधी विचारलंच नाही. मारोतरावांच्या समोर मी तुझं नाव काढणं बंद केलं. माणसाच्या जखमेवर कशाला बोट ठेवा, असं मी मनाशी ठरवलं. तेही काही बोलायचे नाहीत, सकाळी नुसता रामराम. मी त्या गप्प राहण्याचा अर्थ, ते तुझ्यावर रागावलेत, असा लावला. तुला फोन केला नाही, तू केलास तर "गिऱ्हाईक हाये" म्हणून ठेवून दिला. रक्षाबंधनाला आपण दोघी एकमेकींना राखी बांधायचो, भाऊ नाही म्हणून. त्या वर्षी मी बांधली नाही.

मग एक दिवस तूच आलीस आणि पायऱ्यांवरून म्हणालीस, "ताई, रक्त पायजे तुहं." चहा टाक नाही, काही नाही. मी म्हटलं, "घे. तेवढंच राह्यलं होतं." माझ्या मागे लागून वणीला नेलंस. तिथे आधी कागदावर माझी सही घेतलीस. सख्ख्या बहिणीच्या रक्ताला सही. मी म्हटलं, "माह्यावर भरोसा नाही का?" तू म्हणालीस, "तुह्यावर हाये. नियमालेच नाही." मला हसू आलं होतं, पण मी दाबलं.

सिस्टरनं रक्त काढलं. जीवशास्त्राच्या मॅडमनं त्यातल्या लाल पेशी वेगळ्या काढून धुतल्या आणि नळ्यांत वाटल्या. एका नळीत नुसतं मिठाचं पाणी, एकीत साधं पाणी, बाकीच्यांत तुझी सतरा मण्यांची साखळी, चढत्या ताकदीनं. तासभर कोमट ठेवून मशीनमध्ये गरगर फिरवल्या. मग तू त्या ओळीनं माझ्यासमोर ठेवल्यास. मिठाच्या पाण्यात माझं रक्त तळाशी बसलं होतं आणि वरचं पाणी नितळ. साध्या पाण्यात सगळ्या पेशी फुटून पाणी लालभडक. आणि तुझ्या साखळीच्या नळ्या? पहिली नितळ, दुसरी गुलाबी, तिसरीपासून पुढे लाल. लालच लाल. ज्या ताकदीत ती कॅन्सर मारत होती, त्याच ताकदीत माझं रक्त फोडत होती.

मला समजावून सांगावं लागलं नाही. दिलं असतं तर गिरजाच्या अंगात काय झालं असतं, ते माझ्या डोळ्यांसमोर नळीत उभं होतं. मी खुर्चीवर बसले. तू म्हणू शकली असतीस ना, पाह्यलं? मी म्हणत होते तेच? दुसरी कोणी असती तर म्हणाली असती. मी असते तर तीनदा म्हणाले असते. तू चहा आणलास, माझ्या हाताला लावलेला कापूस नीट दाबलास, आणि म्हणालीस, "काळी बाजू जास्त तेलकट झाली. मधोमध एक काळा काढून लाल टाकून पाह्यते." मी चहा पिऊन निघाले. माफी मागितली नाही.

नंतर आपलं बोलणं सुरू झालं, पण ते दिवाळीचं, शेवयांचं, माझ्या गुडघ्याचं. माझं रक्त मात्र तू किती वेळा काढलंस गं. तुझ्या कागदी नियमाप्रमाणे, सही घेऊन. एका काळ्या मण्याच्या जागी लाल टाकलास, तो कधी इकडे सरकवलास, कधी तिकडे. बहुतेक साखळ्यांनी काही ना काही बिघडवलंच. कोणी रक्त फोडलं, कोणी रक्त सोडलं पण कॅन्सरही सोडला. प्रत्येक बिघडलेली तू वहीत लिहिलीस, "ताईची माळ" लिहिली होतीस तशीच ठळक अक्षरांत. मग या उन्हाळ्यात एक फोटो आला मोबाईलवर. नळ्यांची ओळ, तळाशी लाल ठिपके, वरचं पाणी सगळ्या नळ्यांत नितळ. खाली काही लिहिलं नव्हतंस. मागून फोन आला की या साखळीनं कॅन्सरच्या पेशीही मारल्या, पहिलीएवढ्या नाही पण पुरेशा. आता पुढे उंदीर, मग वर्षानुवर्षं तपासण्या, आणि कदाचित हाती काहीच नाही. मी म्हटलं, छान झालं बाई. किती सोपं होतं तेव्हा बोलणं. फोन कानाला होता, तू पलीकडे होतीस. मी म्हटलं, जेवलीस का?

काल तुझ्या कॉलेजात सभा झाली. हॉल भरला होता, सुमे. झरीकडच्या खेड्यांतून तुझ्या जुन्या विद्यार्थिनी आल्या होत्या, कडेवर लेकरं घेऊन. मारोतरावही दुकान बंद करून माझ्यासोबत आले. मी म्हटलं कशाला, तर म्हणाले, यायचंच हाये. लोक बोलले. एका मोठ्या माणसानं माईक धरून सांगितलं की आपल्या जिल्ह्याच्या लेकीनं कॅन्सरवर औषध शोधलं. टाळ्या पडल्या. माझ्या अंगात काय संचारलं माहीत नाही. मी उठले, स्टेजवर गेले, त्यांच्या हातातला माईक घेतला.

मी म्हटलं, "माह्या बहिणीनं औषध शोधलं नाही. असं म्हटलेलं तिले आवडलं नसतं. तिनं साखळ्या बनवल्या, हातानं, एकेक मणी जोडून. बहुतेक फसल्या. फसलेली एकही तिनं लपवली नाही. कोणत्या मण्याच्या जागेनं माणसाचं रक्त वाचते हे तिनं शोधलं, अन् ते लहान काम नाही. औषध शोधलं हे खोटं पहिल्यांदा म्या सांगतलं, कळंबच्या रस्त्यावर. त्या खोट्यापायी हे मारोतराव वणीले आले होते. तिनं त्याईले नाही म्हटलं अन् म्या तिले दगड म्हटलं. मारोतराव, चूक तिची नव्हती. माही होती." मी माईक खाली ठेवला.

मारोतराव मागच्या रांगेत उभे राहिले. त्यांना कधी चार लोकांत बोलताना मी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "वत्सलाताई, मले ते त्याच दिवशी समजलं होतं. त्याईनं मले बसवून सांगतलं, भाऊ, माह्या औषधाची वाट पाह्यली तं वेळ जाईन, आज नागपूरले जा. आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो. रेडिएशनचे शेक देल्ले. गिरजीनं आठ महिने पातळ भात खाल्ला, नातवाचं बारसं पाह्यलं. ती म्हणे, त्या बाईनं आपल्याले खोटं नाही सांगतलं. मी कधीच रागावलो नव्हतो, ताई. तुम्ही त्याईचं नाव काढत नव्हत्या, मले वाटलं तुमचं बहिणी-बहिणीचं काही असन, म्हणून मी गप राह्यलो."

म्हणजे ज्याच्या नावानं मी तुझ्यावर तीन वर्षं राग धरला, त्याच्या मनात तो एक दिवसही नव्हता. मी एकटीच होते, सुमे. आणि तुला सगळं ठाऊक असणार. ती दुसऱ्याच दिवशी नागपूरला गेली हे तुला माहीत असणार, आठ महिने माहीत असणार, आणि तू एकदाही माझ्या तोंडावर फेकलं नाहीस. एवढा मोठा माणूस माझ्या घरात जन्मला, माझ्या शेजारी बसून मणी ओवायला शिकला. माझा ऊर काल त्या स्टेजवर भरून आला होता, लाजेनं आणि गर्वानं, आणि खरं सांगायचं तर गर्वच जास्त होता.

तू बरोबर होतीस. एवढंच बोलायचं होतं, आणि त्यासाठी मला तीन वर्षं लागली, माईक लागला, आणि तू समोर नसावी लागलीस.